शाळा मंत्र्यांच्या हाती, तिजोरी दुसऱ्याच्या हाती: मुंबई कायदेकौन्सिलातील सोळा वर्षांचे सवालजवाब (१९२१–१९३७)

१/
गावात शाळा का नाही, दवाखान्याला अनुदान का मिळत नाही, सार्वजनिक विहिरीवर काही लोकांना पाणी का भरू दिले जात नाही, असे प्रश्न निवडून आलेल्या सभासदांनी सरकारला विचारावेत आणि सरकारने त्यांना उत्तर द्यावे, ही गोष्ट आज स्वाभाविक वाटते. मुंबई इलाख्यात ती १९२१ साली प्रथमच खऱ्या अर्थाने घडू लागली. मात्र ज्या मंत्र्याला उत्तर द्यावे लागे, त्याच्या हाती पैसा नव्हता. आणि ज्याच्या हाती पैसा होता, त्याला सभागृह पदावरून दूर करू शकत नव्हते. या विसंगतीची हकीकत या धाग्यात मांडली आहे.

२/
आधी प्रश्न विचारण्याच्या हक्काविषयी. १८६१ च्या कायद्याने प्रांतिक कौन्सिले स्थापन झाली, पण तेथे सभासदांनी पुढे आलेल्या विधेयकांपुरते बोलावे, एवढीच मुभा होती. १८९२ च्या कायद्याने अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची आणि आगाऊ सूचना देऊन प्रश्न विचारण्याची परवानगी मिळाली. परंतु चर्चेअंती मत देता येत नसे, आणि मिळालेल्या उत्तरावर पुढचा प्रश्न करता येत नसे. उत्तर कितीही अपुरे असले तरी ते ऐकून खाली बसावयाचे, असा तो हक्क होता.

३/
१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी पुरवणी प्रश्नाचा दरवाजा किलकिला केला. मूळ प्रश्न ज्याचा, त्यालाच पुरवणी प्रश्न विचारता येई; शेजारचा सभासद मध्ये पडू शकत नसे. १९१९ च्या कायद्याखालील नियमांनी हे बंधन काढले. कोणाही सभासदाला उत्तराचा धागा पकडून पुढे विचारता येऊ लागले. बदल दिसावयास लहान आहे, पण पहिल्या उत्तराची तयारी दप्तरात बसून करता येते; तिसऱ्या पुरवणी प्रश्नाला सामोरे जावयाचे तर मंत्र्याला स्वतःचे खाते माहीत असावे लागते.

४/
२० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री माँटेग्यू यांनी जबाबदार राज्यपद्धतीच्या दिशेने क्रमाक्रमाने जाण्याचे धोरण जाहीर केले. त्यातून १९१९ चा कायदा व त्याखालील ‘डिव्होल्यूशन रूल्स’, म्हणजे अधिकार खाली सोपविण्याचे नियम आले. आधी मध्यवर्ती आणि प्रांतिक विषय वेगळे करण्यात आले. मग प्रांतिक विषयांची पुन्हा दोन गटांत वाटणी झाली. एक राखीव, दुसरा सोपीव. म्हणूनच मराठीत या व्यवस्थेला द्विदल राज्यपद्धती म्हणतात.

५/
जमीनमहसूल, पोलीस, न्याय, तुरुंग, पाटबंधारे आणि अर्थखाते राखीव राहिले. ती गव्हर्नर व त्यांच्या कार्यकारी मंडळाच्या हाती होती, आणि हे मंडळ सभागृहाला जबाबदार नव्हते. शिक्षण, सार्वजनिक आरोग्य, दवाखाने, स्थानिक स्वराज्य, शेती, सहकार व अबकारी ही खाती सोपीव झाली. ती निवडून आलेल्या सभासदांतून नेमलेल्या मंत्र्यांकडे गेली. युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांचे शिक्षण मात्र राखीव राहिले. जंगलखाते सोपीव करण्याचा प्रयोग मुंबई व ब्रह्मदेश या दोनच प्रांतांत झाला.

६/
ही वाटणी नीट न्याहाळली की एक गोष्ट ध्यानात येते. सोपीव खाती बहुतेक सारी खर्चाची होती. शाळा, दवाखाने, रस्ते, नळपाणी ही लोकांना हवी असलेली कामे मंत्र्यांकडे आली. महसूल गोळा करणारी मोठी खाती दुसऱ्या बाजूला राहिली. याला ठळक अपवाद एकच होता, तो अबकारीचा. म्हणजे मंत्र्यांच्या हाती आलेले उत्पन्नाचे मोठे साधन दारूचे होते. पुढील अनेक वादांचे बीज येथेच पडले.

७/
नव्या कौन्सिलात शंभराहून अधिक सभासद होते. कायद्यानुसार किमान सत्तर टक्के निवडलेले आणि सरकारी अधिकारी वीस टक्क्यांहून अधिक नाहीत, असे प्रमाण होते. मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखीव होत्या. मताधिकार मालमत्तेशी व जमिनीच्या साऱ्याशी बांधलेला असल्याने बहुसंख्य प्रजा मतदारयादीबाहेरच राहिली. अस्पृश्य समाजाच्या वाट्याला निवडणूक आली नाही, सरकारनियुक्ती आली. १९२० च्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार घातला होता. सभागृहाचे पहिले अध्यक्ष सर नारायण गणेश चंदावरकर झाले.

८/
पहिल्या मंत्र्यांत रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, चुनीलाल मेहता आणि गुलाम हुसेन हिदायतुल्ला हे तिघे होते. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य म्हणून ख्याती मिळविलेल्या परांजप्यांकडे शिक्षणखाते आले. ते गोखल्यांच्या परंपरेतले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे गोखल्यांचे विधेयक मार्च १९१२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले होते. जे गुरूला विरोधी बाकावरून साधले नाही, ते शिष्याने मंत्री होऊन साधावे, अशी अपेक्षा लोकांनी बाळगली तर नवल नव्हते.

९/
पण मंत्र्याने योजना आखली तरी ती अर्थखात्याच्या चाळणीतून जाई, आणि अर्थखाते राखीव बाजूच्या कार्यकारी मंडळाच्या सभासदाकडे होते. प्रांताची तिजोरी दोन्ही बाजूंना सामाईक. तीतून कोणाला किती, हे आपसांत ठरवावयाचे. न ठरल्यास अंतिम शब्द गव्हर्नरांचा. शिवाय खात्याचे सचिव सनदी नोकर. त्यांच्या नेमणुका मंत्र्यांच्या हाती नव्हत्या, आणि सचिवाला गव्हर्नरांकडे थेट जाण्याची वाट मोकळी होती. मंत्री सभागृहाला उत्तरदायी, सचिव मंत्र्यापलीकडच्या सत्तेला, असा हा संसार होता.

१०/
यात भर पडली मेस्टन निवाड्याची. मध्यवर्ती सरकारची तूट भरून काढण्यासाठी प्रांतांनी वर्षाला एकूण ९८३ लाख रुपये द्यावेत, असे १९२० साली ठरले. मद्रासवर ३४८ लाखांचा बोजा आला, मुंबईवर ५६ लाखांचा. आकडा पाहून मुंबईवर कृपा झाली असे कोणी म्हणेल. परंतु त्याच निवाड्याने प्राप्तिकर मध्यवर्ती सरकारकडे गेला. मुंबई हे गिरण्यांचे, व्यापाराचे, पेढ्यांचे शहर. शेतसाऱ्यावर जगणाऱ्या प्रांतांना जो कर गेल्याचे फारसे जाणवले नाही, तो जाताच मुंबईच्या उत्पन्नाचा कणाच निघाला.

११/
प्राप्तिकराच्या वाढीतील अल्प हिस्सा प्रांतांना देण्याची तरतूद नियमांत होती. पण ती वाढ १९२०–२१ या वर्षाच्या तुलनेत मोजावयाची होती. ते वर्ष महायुद्धानंतरच्या भरभराटीचे. पुढे मंदी आली, आणि त्या शिखरवर्षाहून वाढ दाखविणे मुंबईला दुरापास्त झाले. मध्यवर्ती सरकारला द्यावयाची वर्गणी १९२८–२९ साली कायमची रद्द झाली, तोवर नव्या राज्यपद्धतीची उमेदीची वर्षे काटकसरीतच गेली होती.

१२/
आता सभागृहाच्या हाती काय होते ते पाहू. मागणी मंजूर करणे, कमी करणे किंवा फेटाळणे, या तीन गोष्टी त्याला करता येत. वाढविणे त्याच्या अधिकाराबाहेर होते. सनदी अधिकाऱ्यांचे पगार, कर्जावरील व्याज, मध्यवर्ती सरकारची वर्गणी यांवर तर मतच घेतले जात नसे. राखीव खात्याची मागणी सभागृहाने कापली तरी गव्हर्नर आपल्या अधिकारात ती पूर्ववत करू शकत. सोपीव खात्याची कपात मात्र टिके. परिणामी सभागृहाचा राग जेथे चाले, तेथे शाळा व दवाखाने होते. आणि जेथे पोलीस व महसूल होता, तेथे तो चालत नसे.

१३/
म्हणून कपातसूचना हे हत्यार निराळ्या रीतीने वापरले जाऊ लागले. लहानशी रक्कम कापण्याची सूचना मांडावयाची, तिच्या आधारे खात्याच्या कारभारावर बोलावयाचे, माहिती वदवून घ्यावयाची आणि मग बहुधा सूचना मागे घ्यावयाची. हेतू पैसे कापण्याचा नसे. सरकारला उत्तर देण्यास भाग पाडण्याचा असे. आजच्या विधानसभेतील कपातसूचनेचा वापर पाहिला, तर ही रीत अजून मोडलेली नाही हे दिसते.

१४/
या मर्यादेतही परांजप्यांच्या काळात १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. प्राथमिक शाळांचा कारभार लोकल बोर्डे व म्युनिसिपालिट्यांच्या शाळामंडळांकडे देण्यात आला आणि सक्तीच्या शिक्षणाच्या वाढीव खर्चात सरकारने ठरावीक वाटा उचलावा असे ठरले. यामुळे जबाबदारी आणखी एक पायरी खाली उतरली. सभासदाने विचारावे, सक्ती कोठे सुरू झाली? मंत्र्यांनी म्हणावे, बोर्डाने योजना पाठवावी. बोर्डाने म्हणावे, सरकारी वाट्याची हमी मिळावी. अर्थखात्याने म्हणावे, यंदा शक्य नाही. या फेऱ्यात चूक कोणाचीच ठरत नसे, आणि शाळा मात्र उघडत नसे.

१५/
हाच फेरा पाण्याच्या प्रश्नात अधिक निष्ठुरपणे दिसला. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला की, सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा. ठराव संमत झाला. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने खातेप्रमुखांना तो अंमलात आणण्यास कळविले. जे पाणवठे स्थानिक संस्थांच्या ताब्यात होते, तेथे मात्र जिल्हाधिकाऱ्यांनी त्या संस्थांना सल्ला द्यावा, एवढ्यावरच गोष्ट थांबली.

१६/
सल्ला मानला गेला नाही तर काय, याचे उत्तर ठरावात नव्हते. म्हणून ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोल्यांनी दुसरा ठराव मांडला. पहिल्या ठरावाची अंमलबजावणी नाकारणाऱ्या म्युनिसिपालिट्या व लोकल बोर्डे यांना सरकारने अनुदान देऊ नये, अशी त्याची मागणी होती. तीन वर्षांत बोल्यांनी जे ओळखले ते महत्त्वाचे आहे. समतेचा ठराव आणि अनुदानाची थैली यांची गाठ बांधल्याखेरीज ठराव कागदावरच राहतो. सार्वजनिक पैसा घ्यावयाचा आणि सार्वजनिक पाणी काहींपुरते ठेवावयाचे, ही दुटप्पी रीत त्यांनी नेमकी दाखवून दिली.

१७/
याच सुमारास दुसरा मार्गही चोखाळून पाहिला गेला. १९२३ च्या निवडणुकीनंतर मध्यप्रांत-वऱ्हाडच्या नागपूर कौन्सिलात स्वराज्य पक्षाचे बहुमत झाले, डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे हे तेथील अग्रणी. त्यांचे म्हणणे असे की, हे यंत्र आतूनच बंद पाडावे. अंदाजपत्रकाच्या मागण्या फेटाळल्या गेल्या, मंत्र्यांचा पगार नाममात्र केला गेला, मंत्री गेले, आणि सोपीव खाती गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हाती परतली. द्विदल पद्धतीचा पोकळपणा त्यामुळे उघड झाला खरा. पण शाळा-दवाखान्यांचा जाब ज्याला विचारावयाचा, तो मंत्रीही तेथे उरला नाही. पुढे १९२५ मध्ये श्रीपाद बळवंत तांबे यांनी कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली आणि पक्षात फूट पडली.

१८/
मुंबईत स्वराज्य पक्षाचे खुर्शेद फ्रामजी नरीमन यांनी प्रश्नांचेच शस्त्र परजले. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात स्थापन झालेल्या विकासखात्याने बॅकबेवर ११४५ एकर समुद्र हटविण्याची योजना हाती घेतली होती. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचाही संकल्प होता आणि त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविला होता. अंदाज फुगत गेले, भराव टिकेना, आणि नरीमन यांनी सभागृहात व सभागृहाबाहेर या कारभाराचा पिच्छा पुरविला. खात्यातील एका वरिष्ठ अभियंत्याने त्यांच्यावर मानहानीचा खटला भरला. नरीमन त्यातून निर्दोष सुटले. भराव अखेर सुमारे ४४० एकरांवर थांबला. खोल्यांच्या योजनेतून उभ्या राहिलेल्या २०७ इमारती वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथील बी.डी.डी. चाळी म्हणून पुढे ओळखल्या गेल्या.

१९/
फेब्रुवारी १९२७ मध्ये डॉ. भीमराव रामजी आंबेडकर सरकारनियुक्त सभासद म्हणून या कौन्सिलात आले. १२ मार्च रोजी शिक्षणाच्या अनुदानावर ते बोलले. त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले की, प्राथमिक शाळेत येणाऱ्या दर १०० मुलांपैकी केवळ १८ चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. म्हणजे वरच्या इयत्तांवर पोहोचण्याआधीच बहुतेक मुलांवर झालेला खर्च वाया जात होता. कमी खर्च करून सरकार पैसे वाचवीत नव्हते. ते खर्च केलेले पैसेही गमावीत होते.

२०/
दुसरा हिशेब याहून बोचरा होता. शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च होतात, आणि अबकारीतून दरडोई २ रुपये २ आणे ९ पै वसूल होतात. म्हणजे जवळजवळ अडीचपट. दारूतून लोकांकडून जितके घेतले जाते, तितके तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च व्हावे, अशी डॉ. आंबेडकरांची मागणी होती. फीचा बोजा वाढवून शिक्षणाचा व्यापार होऊ नये, असेही त्यांनी बजावले. अबकारी आणि शिक्षण ही दोन्ही सोपीव खाती. त्यामुळे येथे राखीव बाजूकडे बोट दाखवून सुटका करून घेणे मंत्र्यांना सोपे नव्हते.

२१/
या हिशेबामागे एक जुना पेच होता. दारूबंदी हे अंतिम ध्येय म्हणून मुंबई सरकारने तत्त्वतः मान्य केले होते. अबकारीचे उत्पन्न सुमारे चार कोटी. गुत्ते बंद करा म्हणणारे सभासद आणि शाळा उघडा म्हणणारे सभासद पुष्कळदा तेच असत. एका हाताने उत्पन्न सोडावे आणि दुसऱ्या हाताने खर्च वाढवावा, ही मागणी मंत्र्यांना अशक्य वाटे. पण गरिबाच्या व्यसनावर गरिबाची शाळा चालवावयाची, आणि तीही अपुरी, हा मार्ग नैतिक दृष्टीने टिकणारा नव्हता. प्राप्तिकर मध्यवर्ती सरकारकडे गेल्याची खरी किंमत कोण मोजीत होते, ते या आकड्यांत दिसते.

२२/
शिक्षणावरील त्या भाषणानंतर आठवड्यानेच, १९ व २० मार्च १९२७ रोजी, महाडची परिषद भरली. महाड म्युनिसिपालिटीने बोले ठरावाला अनुसरून चवदार तळे जानेवारी १९२४ मध्येच सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. तीन वर्षे तो कागदावरच होता. २० मार्चला डॉ. आंबेडकर व हजारो अनुयायी तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्या लोकांवर हल्ले झाले, आणि ऑगस्ट १९२७ मध्ये म्युनिसिपालिटीने आपला आधीचा ठरावच मागे घेतला. कायदेकौन्सिलातील एका ठरावाची अंमलबजावणी लोकांनी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन केली होती; ज्या संस्थेने ती करावयाची, तिने माघार घेतली.

२३/
या पद्धतीवरील बोलका अभिप्राय तिच्यात राबलेल्या माणसाचाच आहे. १९२४ साली सुधारणांच्या चौकशीसाठी सर अलेक्झांडर मुडिमन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बहुमताने किरकोळ दुरुस्त्या सुचविल्या. तेजबहादूर सप्रू, शिवस्वामी अय्यर, बॅ. जिना आणि परांजपे या चौघांनी वेगळा अहवाल दिला. त्यांच्या मते दोष तपशिलात नव्हता, द्विदल रचनेतच होता, आणि तिची दुरुस्ती होऊ शकत नव्हती. बहिष्कार घालणाऱ्याने हे म्हणणे निराळे; तीन वर्षे प्रामाणिकपणे मंत्रिपद सांभाळलेल्या माणसाने म्हणणे निराळे.

२४/
मग ही सोळा वर्षे व्यर्थ गेली काय? तसे म्हणता येत नाही. प्रश्नांमुळे आकडे बाहेर आले. कोणत्या समाजाची किती मुले शाळेत आहेत, कोणत्या बोर्डाला किती अनुदान मिळते, हे दप्तरातून छापील वृत्तांतात आले. ते आकडे हाती नसते, तर १४ आणे आणि २ रुपये २ आणे ९ पै यांची तुलना सभागृहात उभी राहिली नसती. बोले ठराव नसता, तर महाडच्या सत्याग्रहाला सरकारच्याच कागदाचा आधार मिळाला नसता. प्रश्नाने शाळा बांधली जात नाही. पण शाळा नाही ही गोष्ट सरकारला नाकारता येत नाही.

२५/
१७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या दाव्यात निकाल दिला. अस्पृश्यांना वगळण्याची पुरातन वहिवाट सिद्ध झालेली नाही, असे ठरले आणि तळे खुले राहिले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १ एप्रिल १९३७ रोजी, १९३५ चा कायदा प्रांतांत लागू झाला. राखीव आणि सोपीव हा भेद संपला, आणि अर्थखातेही मंत्र्यांकडे आले. त्याच वर्षी बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. शाळेला पैसे का नाहीत, या प्रश्नाचे उत्तर आता तिजोरी सांभाळणाऱ्या मंत्र्याला सभागृहातच द्यावे लागणार होते.

(धागा समाप्त)